मेणावर हात फिरल्याशिवाय ब्राँझ नको

सूप पाखडणाऱ्या बाईचं माझं शिल्प या पावसाळ्याच्या तोंडावर ब्राँझमध्ये ओतून पूर्ण झालं. ते बघून बऱ्याच जणांनी विचारलं की मातीत केलेलं काम धातूत जातं कसं, मध्ये नक्की काय काय होतं, आणि तुम्ही फाउंड्रीत एवढे हेलपाटे कशाला घालता, तिथली माणसं करतातच की सगळं. खरं तर या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहायला बसलेय. आमच्या क्षेत्रात आता सर्रास असं झालंय की शिल्पकार मातीत काम करतो, साचा नाहीतर फायबरची कॉपी टेम्पोत घालून पाठवून देतो आणि मग एकदम रंग चढलेला पुतळाच बघायला जातो. मधे शिल्पाची मेणाची प्रत निघते, ती साच्यात वितळून जाते आणि तिच्या जागी धातू येतो, ते मेण त्याने बघितलेलंच नसतं. आणि ब्राँझमध्ये शेवटी जे उतरतं ते मेणात असेल तेवढंच, त्याच्यापेक्षा कणभर जास्त नाही. मातीत तुम्ही कितीही जीव ओतला असला तरी तोपर्यंत ती माती मोडून टाकीत गेलेली असते.

तरी सुरुवात मातीपासूनच करते.

मी शाडू वापरते. आपल्याकडे ती बहुतेक गुजरातमधून येते, भावनगरकडून, गणपतीवाले वापरतात तीच. नवीन पोतं फोडून लगेच कामाला घेतलं तर हाताला तुटते, वाकवली की कडेला भेगा पडतात, म्हणून जुनी माती मी कधीच टाकून देत नाही. एक काम झालं की ती माती परत टाकीत भिजत जाते, नवी थोडी थोडी तिच्यात मिसळते, अशी कैक वर्षं मुरलेली माती माझ्याकडे आहे. तिला एक कुबट वास येतो, नवीन येणारी मुलं नाक धरतात, पण बोटाने लावली की ती जिथे लावली तिथेच राहते, घसरत नाही, आणि अंगठ्याच्या रेषासुद्धा धरून ठेवते. असली माती विकत मिळत नाही.

विषय डोक्यात बरेच दिवस होता. मार्केट यार्डात धान्य साफ करणाऱ्या बायका असतात, त्यांच्याजवळ बसून मी भरपूर स्केचेस केली होती. पाखडणं हे मनगटाचं काम आहे असं लांबून वाटतं, जवळ बसलं की कळतं की झटका खांद्यातून येतो, मनगट फक्त शेवटी वळतं, आणि दोन्ही अंगठे सुपाच्या काठावर असे दाबलेले असतात की नखं पांढरी पडतात. कोंडा डोळ्यात जाऊ नये म्हणून डोळे अर्धे मिटलेले, तोंड थोडं एका बाजूला. दाणे हवेत असतानाचा क्षण शिल्पात दाखवायचा मोह होतो, पण हवेतले दाणे कशाला तरी चिकटवून उभे करावे लागतात आणि मग ते खोटं दिसतं. मी त्याच्या आधीचा क्षण घेतला, सूप खाली आलंय, खांदे भरलेत, आता उडवणार. सुपात दाणे दाखवायचे नाहीत हेही तेव्हाच ठरवलं.

बाई बसलेली, एक पाय मुडपलेला, एक गुडघा उभा, उंची अडीच फुटांच्या आसपास. दोन्ही हात पुढे, म्हणजे सगळा भार पुढे. आर्मेचरसाठी, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्यासाठी, जाड प्लायवर फ्लँज लावून लोखंडी पाइप उभा केला, त्याला 10 एमएमची सळई, हातांना ॲल्युमिनियमची जाड तार, सगळ्यावर सुतळी गुंडाळली. पोटात आणि मांडीत बटरफ्लाय सोडले. बटरफ्लाय म्हणजे लाकडाचे दोन तुकडे फुलीत बांधून तारेने लोंबते ठेवायचे, माती त्यांच्यावर टेकून राहते, नाहीतर ओल्या मातीचा मोठा गोळा आपल्याच वजनाने रात्रीतून खाली उतरतो आणि सकाळी बघावं तर आकृतीचं पोट मांडीवर आलेलं. सूप मात्र मातीत केलं नाही. एवढा पातळ, पसरट पत्रा मातीत उभाच राहिला नसता, आणि जाड केला असता तर ते सूप न वाटता घमेलं वाटलं असतं. ते सरळ मेणात करायचं असं सुरुवातीपासून डोक्यात होतं. मातीच्या हातांत मी तेवढ्यापुरती एक पुठ्ठ्याची पट्टी धरवली होती, अंतर आणि कोन चुकू नये म्हणून.

मातीच्या कामाबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते पण इथे एवढंच सांगते की पाठीवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. लोक पुढून बघतात, चेहरा आणि हात. पण पाखडणाऱ्या बाईची सगळी ताकद खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे असते आणि लुगड्याचा पदर तिथेच ताणलेला असतो. तो ताण मी टूलने केला नाही, अंगठ्याने वरून खाली ओढलेले मातीचे पट्टे तसेच ठेवले. हे पट्टे लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यांच्यावरच येणार आहे.

मग प्लास्टर. साचा घेताना पाण्यात प्लास्टर शिवरायचं असतं, प्लास्टरमध्ये पाणी ओतायचं नसतं, आणि पहिल्या थरात थोडी नीळ टाकायची. तो निळा थर मातीला लागून बसतो, त्याच्यावर मातीच्या पाण्याचा हात, मग पांढरे जाड थर, काथ्या आणि सळ्या घालून. नंतर माती उकरून काढायची, साचा धुवायचा, साबणाचा हात द्यायचा, आत परत प्लास्टर भरायचं आणि बाहेरचा साचा छिन्नीने फोडत जायचं. निळं दिसायला लागलं की समजायचं, जवळ आलो, आता हळू. या साच्यातून एकच प्रत निघते आणि साचा जातो. म्हणजे माती गेली, साचाही गेला, हातात फक्त पांढरी बाई.

प्लास्टरला लोक मधला टप्पा समजतात, पण ते एक स्वतंत्र माध्यम आहे असं मला वाटतं. गणपतराव म्हात्रे यांची 1896 सालची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरचीच आहे, आणि तिच्या साडीच्या चुण्यांवर उजेड ज्या मऊपणाने पडतो तो प्लास्टरचा गुण आहे, धातूत ती वेगळी झाली असती. आपल्याकडे माध्यमाची निवड नुसती आवडीवर कधीच नव्हती, खिशावरही होती. शिल्पकार करमरकरांनी अलिबागजवळ सासवण्याच्या आपल्या घरी कितीतरी कामं सिमेंटमध्ये केली, तिथली म्हैस बघून या एकदा, सिमेंट किती जिवंत होऊ शकतं ते कळेल. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये ‘संथाळ कुटुंब’ केलं ते सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या खड्यांत. स्वस्त म्हणून घेतलेलं माध्यम त्यांच्या हातात त्या कामाची कातडी होऊन गेलं.

माझ्या बाईची फायबरची एक कॉपी आधी एका प्रदर्शनासाठी केली होती. फायबर हलकं, परवडणारं, ने-आण सोपी, मी ते नाकारत नाही. पण रेझिन आणि काचेच्या धाग्यांना स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं, वर ब्राँझची पावडर लावली की ते ब्राँझ असल्याचं दाखवतं, आणि उन्हात राहिलं की काही वर्षांत पिवळं पडून ठिसूळ होतं. ही बाई बाहेर, अंगणात बसावी अशी माझी इच्छा होती. म्हणून ब्राँझ.

प्लास्टरवरून सिलिकॉन रबरचा साचा घेतला, बाहेरून त्याला फायबरचं कवच. रबराने सगळं उचललं, पदरावरचे ते पट्टेसुद्धा. आणि इथून मेण सुरू.

फाउंड्री शिरोलीच्या बाजूला एका शेडमध्ये आहे. कोल्हापूर ओतकामाचं गाव, शिरोली-गोकुळ शिरगावला इंजिनांचे, पंपांचे बीडाचे पार्ट रोज टनांनी ओतले जातात, पण ते वाळूतलं काम. पुतळ्यांचं मेणकाम करणारे त्यामानाने मोजकेच. इथले मुख्य मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते आणि ते मला ताई. मी पहिल्याच भेटीत सांगितलं की मामा, मेण निघालं की मला फोन करायचा, माझा हात फिरल्याशिवाय रनर, म्हणजे धातू आत जायच्या नळ्या, लावायचे नाहीत. ते म्हणाले, ‘‘या की. येत न्हाईत म्हणून तर आम्हीच करतो.’’

या अटीमागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी एक व्यक्तिशिल्प ओतायला दिलं होतं, तिथल्या कारागिराने चांगल्या मनाने मेण रॉकेलच्या बोळ्याने पुसून ‘साफ’ केलं. गालावरचे, कपाळावरचे सगळे टूलचे स्पर्श गेले, चेहरा गुळगुळीत झाला आणि तसाच धातूत गेला. त्या कारागिराला दोष कसा देणार, त्याच्या दृष्टीने खडबडीत म्हणजे अर्धवट. त्याला सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

मेण नुसतं मेण नसतं. मधमाशीचं मेण, पॅरफिन आणि राळ यांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक फाउंड्रीचं प्रमाण वेगळं. मधमाशीचं मेण लवचीक आणि चिवट, साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं. पॅरफिन स्वस्त पण ठिसूळ. राळेने कडकपणा येतो. उन्हाळ्यात राळ वाढवायची, थंडीत कमी करायची, हे मामा हाताला घेऊन, दातांनी थोडं चावून ठरवतात. आमचं काम एप्रिल-मेचं, पत्र्याची शेड, दुपारी बारानंतर मेणाला बोट लावलं की ठसा उमटायचा आणि पुढे काढलेले हात हळूहळू खाली यायला लागायचे, म्हणून आम्ही सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबायचो आणि बाई ओल्या पोत्यांखाली जायची.

साच्यात मेण आधी ब्रशने लावतात, पातळ, सगळ्या खाचाखोचांत जाईल असं. मग साचा बंद करून आत मेण ओततात, साचा फिरवतात, उरलेलं बाहेर काढतात, परत ओततात, असं करत जाडी पाच मिलिमीटरपर्यंत आणतात. ही जाडी म्हणजेच उद्याच्या धातूची जाडी. कुठे पातळ राहिलं तर धातू पोचणार नाही, कुठे जाड झालं तर थंड होताना तिथे खड्डा बसणार. बोटं भरीवच येतात, त्यामुळे तळवा आणि मनगट जिथे जोडतात तिथे जाड-पातळ एकत्र येतं आणि धोका तिथेच.

रबर सोलून मेणाची बाई बाहेर काढली तेव्हा मी आधी पाठीकडे गेले. पट्टे होते. सगळे होते, जिथल्या तिथे, आणि तरी ते माझे नव्हते. हे शब्दांत सांगणं अवघड आहे. मातीत अंगठा ओढला की पट्ट्याच्या कडेला एक बारीक, तुटक, उचललेली धार राहते, त्या धारेमुळेच तो ताण दिसतो. प्लास्टरमध्ये ती थोडी बोथट झाली, रबरात आणखी थोडी, आणि मेण थंड होताना जरा आकसतं त्यात उरलीसुरली गेली. शिवाय मेण अर्धपारदर्शक, उजेड आत शिरतो, त्यामुळे खोली कळतच नाही. मामांनी यावर एक साधा उपाय सांगितला, बारीक राखेचा हात मारायचा, चमक मरते आणि आकार दिसायला लागतो.

माझ्या हाताला सवय मातीची, म्हणजे दाबायचं आणि ओढायचं. मेणावर तसं केलं की ते एकतर काहीच करत नाही नाहीतर एकदम तुटतं. ‘‘ताई, मेण दाबून ऐकत न्हाई, त्याला ऊब द्या,’’ असं मामा म्हणाले आणि स्पिरिटचा दिवा माझ्यापुढे सरकवला. मेणात तीन कामं असतात, तापवून लावणं, कोमट असताना वळवणं आणि गार झाल्यावर खरवडणं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. दाताच्या डॉक्टरांकडची बारीक हत्यारं मेणाला फार चांगली, मी त्यांचा एक जुना सेटच मिळवलाय. पदरावरची प्रत्येक धार परत उभी केली, पण मातीतल्या धारेची नक्कल म्हणून नाही. मेणाची स्वतःची एक धार असते, गरम पात्याने ओढली की ती कडेला किंचित गुंडाळली जाते, थोडी चकचकीत, जास्त कडक. ती मी तशी ठेवली. पाठ मातीत होती त्यापेक्षा वेगळी झाली, आणि माझ्या मते जास्त चांगली झाली. पट्टे कमी केले, ताण वाढला. हे बदल मातीत सुचलेच नसते, मेण हातात होतं म्हणून सुचले. मृणालिनी मुखर्जी आयुष्यभर तागासारख्या जाड दोरांच्या गाठी मारून प्रचंड शिल्पं करत होत्या आणि शेवटच्या वर्षांत ब्राँझकडे आल्या तेव्हा त्यांनी थेट मेणातच काम केलं, त्यांच्या ‘पामस्केप’ मालिकेत ते दिसतं, मेणाच्या वळणाने वळलेला धातू. मीरा मुखर्जी तर बस्तरला जाऊन तिथल्या धातू ओतणाऱ्या घडव्यांकडे शिकल्या, मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळत आकार उभा करायची पद्धत त्यांनी मोठ्या शिल्पांपर्यंत नेली. या दोघींच्या कामात मेण लपत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता सूप. मला विणीचा पोत खरा हवा होता, पण खऱ्या सुपावर मेण थापलं तर पोत मोठा येणार, कारण माझी बाई खऱ्या मापापेक्षा लहान. तर बुरूड गल्लीत गेले, तिथे रुखवतासाठी, वाणासाठी छोटी सुपं मिळतात, त्यातली कळकाच्या बारीक काड्यांची निवडून आणली. एक विचार असा होता की ते सूपच साच्यात घालून भट्टीत जाळून टाकावं, मेण जळतं तसं तेही जळेल. मामांनी नको म्हटलं, कारण मेण जळून जातं पण कळकाची राख साच्यात मागे राहते आणि धातूत खड्डे पाडते. मग सूप पाण्यात भिजवून ठेवलं, मेणाचा चार मिलिमीटरचा पत्रा ओतला, कोमट असताना त्यावर बसवला, हलक्या हाताने सगळीकडे दाबला, गार पाणी मारलं आणि सोलला. वीण जशीच्या तशी आली. मागची बाजू तशीच दुसऱ्या पत्र्याने, मधे दोन्ही कोमट असताना जोडून परत पातळ केले, काठाची गुंडाळी वेगळी, मेणाच्या दोऱ्याने. मग अंगठे. सूप हातात दिल्यावर मातीत केलेले अंगठे नुसते टेकलेले दिसायला लागले, दाबलेले नाही, कारण मातीत त्यांच्याखाली पुठ्ठा होता. दोन्ही अंगठे कापून परत केले, नखाच्या मागचं पेर थोडं उलटं वाकवलं. तेव्हा कुठे सुपाला वजन आलं. हे काम मी तिथे नसते तर कुणी केलं असतं? मामांनी केलं असतं, नीटच केलं असतं, पण मार्केट यार्डातली ती पांढरी पडलेली नखं त्यांनी बघितलेली नाहीत.

हे मेणाचं शास्त्र आपल्या या मुलखाला नवीन नाही. दायमाबादला, प्रवरेच्या काठी 1974 साली ते धातूचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ सापडले, भरीव, जडच्या जड, तेही मेण घालवून ओतलेले, हजारो वर्षांपूर्वी. आणि बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतायची पूर्ण कृती दिलीय, मेणाची मूर्ती करा, तिला नळ्या लावा, मातीचे लेप द्या, मेणाचं वजन आधी करून ठेवा आणि पितळ-तांबं त्याच्या आठ किंवा दहा पट घ्या. आजही हिशोब तोच, ब्राँझ मेणाच्या नऊ-साडेनऊ पट जड असतं. आमच्या बाईचं मेण सात किलोच्या आसपास भरलं, रनर आणि रायझर (हवा बाहेर जायच्या नळ्या) धरून दहाच्या वर, म्हणून मामांनी धातू शंभर किलोच्या पुढे चढवला. त्याच ग्रंथात असंही आलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. कांडण झालं की पाखडण आलंच. माझ्या बाईची कृती आणि तिला धातूत नेणारी कृती एकाच ग्रंथात, नऊशे वर्षांपूर्वी. हे कळल्यापासून त्या सुपाकडे मी जरा वेगळ्याच नजरेने बघते.

रनर लावायच्या वेळी आमचा थोडा वाद झाला. मामांना सूप वेगळं ओतून नंतर वेल्डिंगने हाताला जोडायचं होतं, सोपं आणि खात्रीचं. मला अंगठे आणि काठ एकाच ओतीत हवे होते, कारण वेल्डिंग करून घासलं की दाबाची ती रेघ पुसली जाते. शेवटी तोडगा निघाला, हात बांगड्यांच्या खाली कापायचे, दोन्ही हात आणि सूप मिळून एक तुकडा, बाकी बाई दुसरा तुकडा, जोड बांगड्यांच्या कडेला झाकला जाईल. सूप साच्यात उभं ठेवलं, जाड काठ खाली, धातू खालून चढत जाणार, पातळ उघडी कड वर आणि तिथे हवा जायला रायझर. मनगटाला एक जास्तीचा जाड रायझर, तिथे धातू आटताना भरपाईला.

मग आत गाभा भरला, प्लास्टर आणि विटांची सुरखी, मेणातून आरपार खिळे ठोकले म्हणजे मेण गेल्यावर गाभा लोंबकळणार नाही. बाहेरून त्याच मिश्रणाचे थर, तारेची जाळी, शेवटी एक ओबडधोबड ढोल. या क्षणी शिल्प कुठेच दिसत नाही. भट्टीत मेण आधी वितळून खालून निघतं, ते गोळा करून परत वापरतात, उरलेलं जळतं. रायझरच्या तोंडातून आधी पांढरी वाफ, मग काळा धूर, मग काहीच नाही, आणि आत वाकून बघितलं की भोक लालसर दिसतं. घाई केली, ओल राहिली, की ओतताना वाफ होऊन धातू उसळतो, माणूस भाजतो. मामा भट्टीपाशी रात्री झोपतात ते यासाठी.

ओतणं स्वतः फार थोड्या वेळाचं काम. धातू 85-5-5-5, म्हणजे तांबं 85 टक्के, कथील, जस्त आणि शिसं पाच-पाच. साचे खड्ड्यात उभे करून भोवती माती ठोकलेली. मूस बाहेर काढली, वरची मळी सारली, हिरवट ज्योत उठते ती जस्ताची, आणि मग दोघांनी मिळून एका धारेत ओतायचं, मधे तुटता कामा नये. रायझरमधून धातू वर आलेला दिसला की आत भरल्याची खूण. पुण्याचा करमरकरांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1928 मध्ये माझगाव डॉकला एकसंध ओतला होता, एवढा मोठा पुतळा एका ओतीत. अडीच फुटांच्या बाईला श्वास रोखून उभी राहिल्यावर मला त्या दिवशी त्या माणसांच्या छातीची कल्पना आली.

दुसऱ्या दिवशी फोडलं. पाठ पूर्ण आली. हात आले, अंगठे आले, काठावरची रेघ आली. सुपाच्या उघड्या कडेचा एक कोपरा मात्र भरला नव्हता, तिथे जाताजाता धातू थिजला. मामा म्हणाले पितळेचा पत्रा कापून वेल्ड करू, घासून देतो, कळणारही नाही. पण पत्र्याला वीण नसते. मी मेणाच्या पत्र्याचा उरलेला तुकडा पाण्यात जपून ठेवलेला होता, त्यातून तेवढा कोपरा कापला, तो वेगळा ओतून घेतला आणि टिग वेल्डिंगने जोडला. वेल्डिंगची काडी बाहेरची नाही वापरली, आमच्याच रनरचे तुकडे ओढून केली, कारण धातू वेगळा असला की रंग देताना तो जोड वेगळा उठून दिसतो. जोडावर परत पंचाने आणि छिन्नीने काड्यांची वीण मारली. या कामाला मामांच्या पुतण्याचा हात फार छान आहे, तो पोरगा ठोकताना विणीची दिशा बघतो, नुसते ठोके मारत नाही.

पॅटिनाबद्दल, म्हणजे धातूवर चढवायच्या रंगाबद्दल, थोडक्यात. सँडब्लास्ट करून टॉर्चने तापवायचं, पोटॅशियम सल्फाइडने आधी काळपट, घासून उंच भाग मोकळे करायचे, मग फेरिक नायट्रेटने तपकिरी-तांबूस. मला हिरवा नको होता, हिरवा म्हणजे जुनं असल्याचा आव. लुगड्याला गडद, सुपाला जरा उघडा, पिवळसर तपकिरी, कळकाचा भास होईल इतपतच. वर मेणाचा हात. हवा दमट व्हायला लागली होती, पाऊस कधीही आला असता, त्यामुळे दोन दिवसांत उरकलं.

आता थ्रीडी स्कॅन करून, थर्माकोलमध्ये मशिनने कोरून मोठे पुतळे होतात, मी त्याच्या विरोधात नाही, मोठ्या मापाला ते सोयीचं आहे आणि वेळ वाचतो. पण तिथेही मेण निघतंच. तेव्हा तरी जा. तुमच्या मातीतलं जे काही वाटेत हरवलं ते परत मिळवायची ती शेवटची जागा आहे, त्यापुढे फक्त ग्राइंडर.

या बाईची दुसरी प्रत करायची आहे. रबर साचा अजून चांगला आहे, बाई तीच येईल, पण सूप नव्याने करावं लागणार, कारण ते साच्यात नाहीच. बुरूड गल्लीतून या वेळी जरा उसवलेलं, वापरलेलं छोटं सूप मिळतंय का बघते. मामांनी थंडीत या म्हटलंय, तेव्हा राळ कमी घालू, मेण जास्त वेळ हातात राहील आणि उघडी कड साडेचार मिलिमीटर ठेवू.